गाडीतील ब्लूटूथ हँड्सफ्री स्पीकर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या मोटारींमध्ये फोन जोडण्याची सोय आता बहुधा कारखान्यातूनच बसवून येते. परंतु केवळ रेडिओ आणि सीडी प्लेअर असलेल्या, तरीही उत्तम चालणाऱ्या जुन्या गाड्या आपल्या रस्त्यांवर भरपूर आहेत. माझी गाडीही त्यांपैकीच एक आहे. गेली अनेक वर्षे मी तिच्यात स्वतंत्र, बिनतारी हँड्सफ्री स्पीकर वापरते आहे, आणि नातेवाईक, शेजारी व सहकारी त्याविषयी जे प्रश्न पुनःपुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

हा स्पीकर म्हणजे नेमके काय, आणि तो चालतो कसा?

तळहातावर मावेल एवढी ही पेटी असते. तिच्यात एक लहान स्पीकर, एक किंवा दोन मायक्रोफोन, चार्ज होणारी बॅटरी आणि दोन-तीन बटणे असतात. फोन खिशात किंवा पर्समध्ये राहतो. बोलणे आणि ऐकणे मात्र या पेटीतून होते. दोघांमधील दुवा ब्लूटूथचा. ब्लूटूथ २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते आणि भारतात हा पट्टा परवानामुक्त आहे. अशा जोडणीत आवाज एकाच वाहिनीवर अडकून राहत नाही, तर ७९ वाहिन्यांमधून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत जातो, आणि उड्यांचा क्रम केवळ त्या जोडीलाच ठाऊक असतो. त्यामुळेच टोलनाक्यावरच्या रांगेत पुढेमागे पन्नास गाड्यांत पन्नास उपकरणे चालू असली तरी एकाचे बोलणे दुसऱ्याच्या गाडीत ऐकू येत नाही. साधारण दहा मीटरपर्यंत ही जोडणी टिकते, म्हणजे गाडीपुरती ती पुरेशी असते.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. कॉल हा शेवटी फोनच्याच नेटवर्कवरून जातो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर भातण किंवा कामशेतच्या बोगद्यात आवाज तुटला, तर दोष स्पीकरचा नसतो. स्पीकरला इंटरनेट लागत नाही आणि त्याच्यामुळे कॉलचे पैसेही वाढत नाहीत.

फोनचाच स्पीकर चालू करून तो मांडीवर किंवा शेजारच्या सीटवर ठेवला तर काय बिघडले?

पहिले म्हणजे आवाज. चालत्या गाडीत इंजिन, टायर आणि एसीचा पंखा यांच्या आवाजावर मात करण्याइतकी ताकद फोनच्या स्पीकरमध्ये नसते. त्यामुळे माणूस नकळत फोन उचलून तोंडाजवळ नेतो, आणि जे टाळायचे तेच घडते. दुसरे अधिक गंभीर आहे. काही वर्षांपूर्वी एका वळणावर माझ्या मांडीवरचा फोन घसरून पायाशी पडला आणि ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसला. पाय दाबला तर पेडल अर्ध्यावरच अडले. रस्ता मोकळा होता, वेग कमी होता, हँडब्रेक ओढून गाडी कडेला घेता आली. त्याच आठवड्यात मी हा स्पीकर विकत घेतला. गाडीत सुटी वस्तू ठेवणे धोक्याचेच, मग ती फोन असो वा पाण्याची बाटली.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ यामध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून वाहन चालवताना हातात धरलेले संपर्क उपकरण वापरणे हे कलम १८४ खाली धोकादायक रीतीने वाहन चालवण्याच्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत आले. पहिल्या गुन्ह्यासाठी किमान सहा महिने ते एक वर्षापर्यंत कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडल्यास कारावास दोन वर्षांपर्यंत आणि दंड १०,००० रुपये होऊ शकतो. याखेरीज केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २१ प्रमाणे परवाना निलंबित होण्याचीही शक्यता असते. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार हातातले उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चालकाची एकाग्रता ढळणार नाही अशा रीतीने वापरता येते.

कलमातील शब्द ‘हातात धरलेले’ असे आहेत, त्यामुळे हँड्सफ्री स्पीकर त्यात थेट बसत नाही. मात्र याचा अर्थ कसेही बोलण्याची मुभा मिळाली असा कोणी घेऊ नये. बोलण्याच्या नादात सिग्नल तोडला किंवा चुकीच्या पद्धतीने ओलांडून पुढे गेले, तर तेच कलम १८४ त्या कृतीलाही लागू होते, आणि हात मोकळे होते हा त्यावरचा बचाव नव्हे.

हात मोकळे असले म्हणजे बोलणे सुरक्षित झाले का?

नाही. या पानावरचे हे एक उत्तर तरी कृपया पूर्ण वाचावे.

टोरांटो येथील डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी फोन बाळगणाऱ्या ६९९ अपघातग्रस्त चालकांच्या कॉलच्या नोंदी तपासून १९९७ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो असे त्यांना आढळले, आणि हँड्सफ्री उपकरण वापरणाऱ्यांच्या बाबतीत त्यांना सुरक्षिततेचा काहीही लाभ दिसला नाही. पुढे यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी वाहन चालवण्याच्या सिम्युलेटरवर केलेल्या प्रयोगांतूनही तेच समोर आले: चालकाची नजर रस्त्यावर असते, पण डोळ्यांसमोरची वस्तू मनात नोंदलीच जात नाही. अडथळा हातांचा नसतो, लक्षाचा असतो.

हे आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. ‘बँकेचा हप्ता भरलास का?’ या प्रश्नावर आठवायला जे तीन सेकंद लागतात, तेवढ्यात जवळजवळ ६७ मीटर रस्ता मागे पडलेला असतो, आणि त्या ६७ मीटरांत कोणता ट्रक विनाइंडिकेटर लेन बदलत होता हे नंतर विचारले तर सांगता येत नाही. शेजारी बसलेला माणूस आणि फोनवरचा माणूस यांत मोठा फरक आहे. शेजारच्याला पुढचे वळण दिसते, समोर म्हैस आली की तो बोलता बोलता थांबतो. फोनवरच्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. त्यामुळे तो थांबत नाही, आणि आपणही संकोचाने त्याला थांबवत नाही.

असे असेल तर हा स्पीकर घ्यायचाच कशाला?

फोन वाजायचा राहत नाही म्हणून. घरी म्हातारी माणसे असतात, शाळेत मुले असतात. फोन वाजला की जीव वर-खाली होतो, आणि मग हात पर्सकडे जातोच. स्पीकर असला की एक बटण दाबून ‘गाडी चालवतेय, दहा मिनिटांत थांबून फोन करते, तातडीचे काही नाही ना?’ एवढे विचारता येते. माझ्या मते या उपकरणाचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो मुळीच लहान नाही. पत्ता विचारणे, ‘पाच मिनिटांत पोहोचतो’ असे कळवणे, अपघात दिसल्यास ११२ वर कळवणे, ही कामे त्याच्यावर निश्चिंतपणे होतात. ऑफिसची बैठक, भावकीतला वाद, तक्रार नोंदवण्यासाठी आकडे दाबत बसण्याचे कॉल ही कामे पेट्रोल पंपाच्या पुढे, सावलीत गाडी लावून करण्याची आहेत.

स्पीकर कोठे बसवावा?

चालकासमोर ऊन अडवण्यासाठी जी खाली-वर होणारी फळी असते, तिच्या कडेला बहुतेक स्पीकर चिमट्याने बसतात. पेटी अडकवताना तिचा मायक्रोफोन तोंडाच्या दिशेने राहील हे पाहावे. अनेक जण पेटी उलटी अडकवतात आणि मायक्रोफोन छताकडे तोंड करून बसतो. फळी खाली केल्यावरही बटणे बोटाला लागतील आणि आरसा झाकला जाणार नाही, याची गाडी उभी असतानाच खातरी करून घ्यावी.

एअरबॅग जेथून उघडते तेथे, म्हणजे स्टिअरिंगच्या मध्यभागी, डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवरील झाकणावर आणि ज्या गाड्यांत बाजूच्या खांबात पडद्यासारख्या एअरबॅग असतात तेथे त्या खांबावर, कोणतीही टणक वस्तू लावू नये. एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याआधी फुगते आणि समोरची वस्तू तितक्याच वेगाने माणसाकडे भिरकावते.

पहिल्यांदा फोनशी जोडणी कशी करावी?

गाडी बंद, हँडब्रेक लावलेला, आणि हाताशी पाच मिनिटांचा निवांत वेळ. स्पीकर पूर्ण चार्ज करून मुख्य बटण काही सेकंद दाबून धरावे. लाल आणि निळा दिवा आलटून पालटून लुकलुकू लागला की तो जोडणीसाठी तयार झाला. मग फोनच्या ब्लूटूथच्या यादीत त्याचे नाव दिसते, त्यावर टिचकी मारावी. जुन्या उपकरणांत चार आकडी संकेतांक विचारला जातो, तो बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. संपर्कयादी पाहू द्यायची का, असा प्रश्न फोन विचारतो. स्पीकर फोन करणाऱ्याचे नाव बोलून दाखवणारा असेल तर होकार द्यावा, नाहीतर केवळ नंबर ऐकू येतो.

जोडणी झाल्यावर तशीच गाडी सुरू करू नये. घरातल्या कोणाला तरी फोन करायला सांगावे आणि कॉल घेणे, नाकारणे व आवाज कमी-जास्त करणे ही तीन कामे न बघता, केवळ बोटाच्या अंदाजाने जमेपर्यंत करून पाहावीत. मला स्वतःला यासाठी सहा-सात कॉल लागले. मोठे बटण बोटाला गोल लागते, आवाजाची बटणे किंचित उंच आहेत, हे हाताला एकदा कळले की डोळे रस्त्यावरून हलवावे लागत नाहीत.

काल जोडला होता, आज आपोआप जोडला जात नाही. असे का होते?

बहुतेक वेळा स्पीकर बॅटरी वाचवण्यासाठी झोपी गेलेला असतो. काही उपकरणे दार उघडण्याच्या हादऱ्याने जागी होतात, काहींचे बटण दाबावे लागते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे फोन आधीच घड्याळाशी किंवा इअरफोनशी जोडलेला असणे. तेही नसेल तर फोनच्या यादीतून स्पीकरचे नाव काढून टाकावे, स्पीकरची स्मृतीही त्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कोरी करावी आणि जोडणी नव्याने करावी. एकाच बाजूने पुसले तर गुंता सुटत नाही, कारण दोघांनीही एकमेकांची जुनी खूण जपून ठेवलेली असते.

समोरच्याला आमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, किंवा त्याला स्वतःचेच बोलणे परत ऐकू येते. उपाय काय?

ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

समोरच्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, कारण तुमच्या स्पीकरमधून निघालेला त्याचा आवाज काचांवर आपटून तुमच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो. तो वजा करण्याची योजना उपकरणात असते, पण स्पीकर कमाल आवाजावर ठेवला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज तिला ओळखता येत नाही. स्पीकरचा आवाज दोन पायऱ्या खाली आणला की बहुधा प्रश्न मिटतो. लक्षात घ्यावे की आवाजाची पट्टी दोन ठिकाणी असू शकते, एक फोनमध्ये आणि एक स्पीकरवर. आधी फोनची पट्टी मध्यावर आणावी आणि नंतर स्पीकरवरून जुळवून घ्यावे.

आवाज खोल किंवा गढूळ येतो, तो मायक्रोफोन तोंडापासून दूर असल्यामुळे किंवा गाडीतल्या गोंगाटामुळे. एसीचा पंखा चारवर असेल तर दोनवर आणावा आणि वरच्या झरोक्यांची पाती पेटीपासून वळवावीत. थेट मायक्रोफोनवर येणारा वारा समोरच्याला वादळासारखा ऐकू येतो. काचा वर कराव्यात. पावसाळ्यात छतावर सरी कोसळू लागल्या की कोणतेही उपकरण हात टेकते, आणि तशा पावसात बोलायचे कशाला हाही प्रश्नच आहे.

आणखी एक बारकावा आहे. साध्या जोडणीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि सुमारे ३,४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो. स, श यांसारख्या घर्षक वर्णांची धार नेमकी त्या वरच्या भागात असते. म्हणून फोनवर आकडे सांगताना ‘सात’ की ‘आठ’ असे पुनःपुन्हा विचारावे लागते. फोन, स्पीकर आणि नेटवर्क ही तिन्ही नव्या धर्तीची असतील तर नमुने १६,००० होतात आणि फरक कानाला लगेच जाणवतो. नवा स्पीकर घेताना ‘वाइडबँड’ किंवा ‘एचडी व्हॉइस’ असे शब्द खोक्यावर शोधावेत ते यासाठी.

नवरा-बायको दोघांचेही फोन एकाच स्पीकरला जोडता येतात का?

बहुतेक उपकरणे अनेक फोन लक्षात ठेवतात, आणि काही एकाच वेळी दोन फोन जोडलेले ठेवतात. मात्र दोन्ही फोन जोडलेले असले की शेजारी बसलेल्याचा खासगी कॉलही सर्वांसमोर मोठ्याने वाजू लागतो. आमच्या घरी नियम आहे: जो गाडी चालवेल त्याचाच फोन जोडायचा. शेजारच्याचे हात तसेही मोकळेच असतात.

संपर्कयादीत नावे मराठीत आहेत. स्पीकर ती वाचेल का?

केवळ इंग्रजी वाचणारे स्पीकर देवनागरी नावापुढे गप्प बसतात किंवा नंबर बोलून दाखवतात. रोज फोन करणाऱ्या आठ-दहा जणांची नावे रोमन लिपीत ठेवणे हा सोपा मार्ग आहे. फोनमधल्या आवाजी साहाय्यकाची गोष्ट वेगळी. गुगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी समजते आणि ‘आईला फोन लाव’ असे सांगता येते. एकाच नावाची चार माणसे असतील तर मात्र तो प्रश्न विचारत बसतो, आणि गाडी चालवताना ती प्रश्नोत्तरे नकोत. त्यामुळे ‘सुनील वहिनींचा भाऊ’, ‘सुनील प्लंबर’ असे वेगळेपण नावातच असावे.

नकाशाचा आवाज आणि गाणी या स्पीकरवर ऐकू येतात का?

स्पीकर केवळ कॉलसाठी बनवलेला असेल तर नाही. खोक्यावर ‘ए-टू-डी-पी’ हे नाव असेल तर गाणी आणि नकाशाच्या सूचनाही त्यावर येतात. गुगल मॅप्सच्या सेटिंगमध्ये आवाज ब्लूटूथवरून द्यायचा की नाही याचे बटण वेगळे असते, ते तपासावे. गाण्यांची हौस असेल तर त्यासाठी गाडीचा स्टिरिओ बदलणेच चांगले. एवढ्याशा पेटीतून तबला कधीच नीट ऐकू येत नाही.

उन्हाळ्यात तो गाडीतच ठेवला तर चालेल का?

चालणार नाही. माझा पहिला स्पीकर मी मे महिन्यात नागपूरला उन्हात लावलेल्या गाडीत दिवसभर विसरले. संध्याकाळी पेटीचे मागचे झाकण मधोमध फुगून उचलले गेले होते आणि सांध्यातून बॅटरीची चंदेरी पिशवी दिसत होती. बाहेर ४४-४५ अंश असताना बंद गाडीच्या काचेमागे तापमान त्याहून कितीतरी वर जाते, आणि लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करणेही योग्य नसते. उतरताना स्पीकर काढून पर्समध्ये टाकावा, ते जमत नसेल तर निदान डॅशबोर्डच्या खणात ठेवावा. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, चार्ज करू नये. घरच्या कचऱ्यात न टाकता ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.

चार्जरसाठी गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा, ५ व्होल्ट देणारा चांगला अडॅप्टर घ्यावा. सिग्नलवर विकायला येणारे अडॅप्टर मी वापरत नाही. स्पीकर विकत घेताना बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह आहे का हे आवर्जून पाहावे.

गाडीत इतर माणसे असताना संकोच वाटतो. काय करावे?

फोन घेताच पहिले वाक्य ठरलेले असावे: ‘स्पीकरवर आहेस, गाडीत काकू आणि मुले आहेत.’ हे वाक्य आधी उच्चारले नाही तर काय होते ते मी पाहिले आहे. एकदा मैत्रिणीने फोन घेताघेताच एका स्थळाविषयी, मुलाकडच्यांच्या अपेक्षांविषयी मनमोकळे बोलायला सुरुवात केली, आणि त्याच मुलाची आत्या मागच्या सीटवर बसली होती. उरलेला प्रवास कोणी काही बोलले नाही. बँकेचा ओटीपी, आजाराचा अहवाल, पगाराची बोलणी यांसाठी गाडी थांबवून, स्पीकर बंद करून फोन कानाला लावावा.

स्पीकरऐवजी कानात इअरफोन घातले तर?

दोन्ही कान बंद झाले की मागून येणारी रुग्णवाहिका आणि ओलांडू पाहणाऱ्या एसटीचा हॉर्न उशिरा कळतो. म्हणून मला स्पीकर बरा वाटतो. दुचाकीवर हेल्मेटच्या आत फोन खुपसून बोलणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती आहे की असे करू नये. हेल्मेट डोक्याला घट्ट बसण्यासाठी असते, आणि त्या फटीत टणक वस्तू कोंबली की पडताना तीच डोक्यात रुतते.

परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी वेगळे काही?

तेथील नियम राज्यागणिक आणि देशागणिक बदलतात, ते आधी वाचावेत. ब्रिटनमध्ये फोन हातात धरल्यास २०० पौंड दंड आणि परवान्यावर सहा गुण लागतात, आणि परवाना मिळून दोन वर्षे झालेली नसतील तर तेवढ्याने तो रद्दच होतो. कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालील चालकांना हँड्सफ्रीवर बोलण्याचीही परवानगी नाही. मुले अमेरिकेत असतील तर आईवडिलांनीही आपल्या सकाळी, म्हणजे तिकडे मुलांच्या संध्याकाळी घरी परतण्याच्या वेळी फोन करताना ‘गाडीत आहेस का?’ हे आधी विचारावे आणि हो म्हटले तर लगेच ठेवून द्यावे.

गाडी विकताना किंवा गॅरेजमध्ये देताना काय काळजी घ्यावी?

सुटा स्पीकर असेल तर तो काढून घेणे एवढे पुरे. तो कोणाला द्यायचा असेल, किंवा गाडीच्या स्टिरिओलाच फोन जोडलेला असेल, तर आधी स्मृती कोरी करावी. संपर्कयादी आणि अलीकडच्या कॉलची नोंद त्यात राहून गेलेली असू शकते. जुनी गाडी विकत घेताना मी एकदा स्टिरिओ चालू केला, तर आधीच्या मालकाच्या घरच्या सगळ्यांची नावे आणि नंबर पडद्यावर ओळीने उभे होते. विक्रेत्याच्या देखत मी ते तेथल्या तेथे पुसले. ही नोंद पुसायला दोन मिनिटे लागतात, आणि गाडीची किल्ली देण्याआधीच ती द्यावीत.